फी परवडली, भेटीचं काय?

प्रश्न आलाय तो एका छोट्या संस्थेच्या विश्वस्तांकडून. सातारा जिल्ह्यात घाटावर त्यांची निवासी शाळा आहे, पाचवी ते दहावी. बेड १८०, मुलं १२०. राहण्या-जेवणासकट वर्षाची फी २ लाख ४० हजार. ते लिहितात: "पालक फोन करतात, फी विचारतात, 'घरी बोलून सांगतो' म्हणतात आणि पुन्हा फोन येत नाही. शाळा पाहायला कोणी येतच नाही. फी सरसकट २० टक्के उतरवावी का? आणि दुसरं, आहेत त्या मुलांचेही पालक वर्षातून एकदा-दोनदाच येतात. त्यांना यायला कसं लावायचं?"

मी निवासी शाळांच्या कार्यालयात २३ वर्षं काढली. सुरुवात लेखापाल म्हणून, शेवट व्यवस्थापक म्हणून. शिकवलं एक तासही नाही, पण फीची खिडकी आणि शाळेचं फाटक या दोन जागा रोज पाहिल्या. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे. कसा ते पुढे येईलच.

आधी तुमच्या २० टक्क्यांचा हिशेब. तुमचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून समजुतीसाठी धरतो. तुम्ही तुमचे घालून बघा. पगार, वीज, पाण्याचे टँकर, गाड्या, इमारतीची डागडुजी, कर्जाचा हप्ता, असा मुलं असोत-नसोत होणारा खर्च धरू १ कोटी ९८ लाख. एक मूल वाढलं की वाढणारा खर्च, म्हणजे जेवण, धुलाई, औषधपाणी, वह्या-पुस्तकं, धरू वर्षाला ६० हजार. आज १२० मुलांचे येतात २ कोटी ८८ लाख, जातात २ कोटी ७० लाख. १८ लाख उरतात. आता फी २० टक्के उतरवली. आहेत त्या १२० मुलांमागेच ५७ लाख ६० हजार गेले. नवं मूल १ लाख ९२ हजार देणार, त्यातले ६० हजार त्याच्यावरच खर्च होणार, हातात राहणार १ लाख ३२ हजार. म्हणजे ४४ नवी मुलं आली की तुम्ही आज जिथे आहात तिथे परत पोहोचलात. आणि ४४ मुलं एका जूनमध्ये येत नसतात.

उलट करा. फी आहे तीच ठेवा आणि रिकाम्या ६० बेडपैकी ३० बेड गरज पाहून सवलतीचे करा. कोणी ८० हजार देईल, कोणी दीड लाख. सरासरी १ लाख २० हजार धरा. प्रत्येकामागे ६० हजार सुटतात, तीस जणांचे १८ लाख. एक मेट्रन (वसतिगृहात मुलांची देखभाल करणारी बाई) आणि स्वयंपाकघरात एक माणूस वाढवावा लागला तर त्यातले पाच-सहा लाख जातील. तरी रिकामा बेड ठेवण्यापेक्षा हे बरं. रिकाम्या बेडवर पंखा फिरत नसतो एवढंच, बाकी सगळा खर्च चालूच असतो.

आणखी एक कारण. महाराष्ट्रातल्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. घाईत उतरवली आणि अंगाशी आली, तर पुढच्या वर्षी गुपचूप वर नेता येत नाही. सवलत मात्र वर्षागणिक, मुलागणिक ठरवता येते.

सवलतीच्या जागा किती हे जानेवारीतच ठरवून कागदावर आणा. बहुतेक शाळा मे महिन्याच्या शेवटी बेड रिकामे दिसले की घाबरून सवलत वाटतात. मग जो उशिरा आला आणि जास्त घासाघीस केली त्याला स्वस्त, आणि जो फेब्रुवारीत येऊन निमूटपणे पूर्ण फी भरून गेला तो मूर्ख. हे पालकांना कळतं. पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात.

गरज कशी ओळखायची? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घ्या, पण त्यावर थांबू नका. नोकरदार माणसाचं उत्पन्न फॉर्म १६ मध्ये पैशापैशाने दिसतं. शेतकऱ्याचं आणि दुकानदाराचं दाखल्यावर ६० हजार असतं, मग दारात ट्रॅक्टर असो नाहीतर खरोखर काहीच नसो. मी तीन गोष्टी विचारायचो: घरात अजून कोण शिकतंय, हप्ते कसले चालू आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत दवाखान्याला किती लागले. या तीन उत्तरांतून घर जेवढं दिसतं तेवढं दाखल्यातून दिसत नाही. निर्णय तिघांनी मिळून घ्यावा आणि त्या तिघांपुढे अर्ज नावाशिवाय यावा. विश्वस्तांपैकी कोणाच्या ओळखीचा अर्ज असेल तर त्यांनी त्या दिवशी चहा प्यायला बाहेर जावं.

सवलत किती यापेक्षा पैसे कधी मागता हे कित्येकदा जास्त महत्त्वाचं असतं. बहुतेक निवासी शाळा अर्धी फी जूनमध्ये मागतात. जूनमध्ये शेतकऱ्याच्या घरातून पैसा बियाण्याला आणि खताला चाललेला असतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हातात येतात, कापसाचे त्यानंतर, उसाचे गाळप सुरू झाल्यावर. (उसाचे पैसे ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत मिळावेत असा नियम १९६६ पासून आहे. तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला काय सांगायचं.) आम्ही एका वर्षी शेतकरी पालकांसाठी हप्ते बदलले: जूनमध्ये १५ टक्के, नोव्हेंबरात ४५, फेब्रुवारीत उरलेले ४०. एक रुपया माफ केला नाही आणि तरी वसुली सुधारली. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात शाळेची ओढाताण होते हे खरं, त्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तेव्हा उचलायचं कर्ज, आधीच मंजूर करून ठेवावी लागते. त्याचं व्याज धरलं तरी बुडीत फीपेक्षा ते कमी पडलं.

काही वर्षं आम्ही थोडी फी धान्यातही घेतली. यात नवीन काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं तेव्हा ते चाललं लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि मुलांच्या स्वतःच्या राबण्यावर. आणि एका वेळी काहीच उरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकून मुलांना जेवू घातलं. आपण काही त्या तोलामोलाची माणसं नाही. पण मेसला महिन्याला किती क्विंटल ज्वारी आणि तूर लागते हे आपल्याला माहीत असतं, आणि पालकाच्या घरात ती पडून असते. बाजार समितीच्या त्या दिवसाच्या दराने वजन करायचं, पावती फाडायची, फीत वळती करायची. एकदाच भांडण झालं. एका पालकाच्या तुरीत खडे निघाले, आमच्या आचाऱ्याने पोतं ओट्यावर ओतून त्यांच्या मुलासमोरच निवडायला घेतलं. मुलगा दोन दिवस मेसमध्ये आला नाही. त्यानंतर माल बघायचा तो फाटकापाशी, आणि मूल वर्गात असताना, असा नियम केला.

हे लक्षात ठेवा: सवलतीचं मूल ओळखू येता कामा नये. मी नोकरीला लागलो त्या शाळेत प्रार्थनेनंतर 'फी बाकी' असलेल्यांची नावं वाचून दाखवायची पद्धत होती. उभं राहायचं, मान खाली. यादी मीच टाइप करायचो, त्यामुळे त्या पापात माझाही वाटा आहे. फीचं पत्र पालकाला जातं, मुलाशी त्याचा संबंध नाही. गणवेश सगळ्यांना एकाच दुकानातून, स्वेटर एकाच लोकरीचा, खाऊचे पैसे सगळ्यांना सारखे आणि शाळेच्या खात्यातून. सहलीला पैसे भरले नाहीत म्हणून मागे राहणारं एकही मूल नको. सहलीचा खर्च सवलतीत आधीच धरा.

आता तो फोन. पालक फी विचारतो आणि गायब होतो, कारण आकडा मोठा आहे हे एक. पण दुसरं कारण तो सांगत नाही. २ लाख ४० हजार हा शेवटचा आकडा नाही हे त्याला ऐकून माहीत असतं. अनामत, दोन जोडी बूट, रेनकोट, पत्र्याची ट्रंक, गादी, सहल, ट्यूशन, स्नेहसंमेलनाचा ड्रेस. त्याच्या मनात तो आकडा तीन-साडेतीन लाखांवर गेलेला असतो आणि तुम्ही तो खोडून काढत नाही. म्हणून एक कागद करा. वर्षभरात घरातून जाणारा प्रत्येक रुपया त्यावर हवा, परत मिळणारी अनामत वेगळी दाखवलेली. आणि त्याच कागदावर शेवटची ओळ: भेटीला येण्या-जाण्याचा खर्च. तुमचं घर परभणीत असेल तर वर्षातून चार खेपांना साधारण इतका. ही ओळ मी कुठल्याच शाळेच्या माहितीपत्रकात पाहिली नव्हती. आम्ही ती घातली तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, आहेत ते पालकही पळतील. पळाले नाहीत. उलट "हे कोणी सांगितलंच नव्हतं" म्हणून बसून बोलायला लागले.

त्या कागदावर खोटी आशा मात्र लिहू नका. केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती (गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची) खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला मिळत नाही, तरी 'शिष्यवृत्त्या उपलब्ध' असं मोघम छापणाऱ्या शाळा आहेत. जुन्या कररचनेत शिक्षण शुल्काला दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते, पण ती ट्यूशन फीला, राहण्या-जेवणाला नाही. म्हणून पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या दाखवा, नोकरदार पालक तेवढ्यासाठीही दुवा देतो. हप्त्याने फी भरण्यासाठी कर्ज देणाऱ्या कंपन्या तुमच्याकडे येतील. शाळेला सगळे पैसे आधी मिळतात, म्हणून विश्वस्तांना हे फार आवडतं. पालकाला मात्र समजावून सांगा की ऑक्टोबरात मूल काढून नेलं तरी हप्ता चालूच राहणार. परताव्याचा नियम लेखी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि प्रवेशाच्या वेळी 'देणगी' हा शब्दही नको. १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा आहेच, पण तो नसता तरी नको.

सरकारी योजनांपैकी तीन तपासा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्राची 'श्रेष्ठ' योजना आहे: नववी आणि अकरावीत प्रवेश, परीक्षेतून निवड, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, निवडलेल्या खासगी निवासी शाळांतली फी आणि वसतिगृहाचा खर्च सरकार भरतं. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांची योजना प्रकल्प कार्यालयामार्फत चालते. आणि संस्थेची ताकद असेल तर सरकारशी भागीदारीतल्या नव्या सैनिकी शाळांचा नमुना बघा; त्यात वर्गातल्या निम्म्या मुलांना गुणवत्ता आणि गरज पाहून निम्म्या फीपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त ४० हजार, मदत मिळते. निकष वाचून तुम्ही बसता का बघा. बसलात तरी अशी कुठलीही रक्कम जूनमध्येच हातात येईल असं धरून अंदाजपत्रक करू नका.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, मिळाला तर घ्या, पण एक-दोन वर्षांच्या पैशावर पाच वर्षांचं मूल घेऊ नका. पाचवीत सवलत दिलेलं मूल दहावीपर्यंत तुमचं आहे. माजी विद्यार्थ्यांकडून कायम निधी उभा करायचा तर गणित साधं: ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख २० हजारांच्या एका जागेसाठी १७ लाखांहून थोडी जास्त ठेव लागते. पहिली जागा उभी राहायला आम्हाला सहा वर्षं लागली.

बरं, पालकाला फोनवरून फाटकापर्यंत कसं आणायचं. फी विचारली की फी सांगा, लगेच, आडपडदा न ठेवता. "आधी शाळा बघा मग फी सांगू" म्हणालात की संपलं. फी, एकूण खर्च, सवलतीची पद्धत, आणि पुढचं वाक्य: "शनिवारी या, मुक्काम करा, मुलालाही आणा." नवोदय आणि सैनिकी शाळेची परीक्षा दिली का हेही विचारा. नवोदय जवळजवळ फुकट आहे. साताऱ्याची सैनिकी शाळा तर १९६१ ची, देशातली पहिली. तुमच्याकडे चौकशी करणाऱ्या निम्म्या घरांनी यातली एक परीक्षा दिलेली असते आणि निकालाची वाट बघत ते तुम्हाला लटकवून ठेवतात. त्यांना सांगा, निकाल लागेपर्यंत तुमची जागा धरतो, तिकडे नंबर लागला तर भरलेले पैसे परत. आम्ही हे सुरू केल्यावर काही मुलं तिकडे गेली. जावीतच. त्यांच्या बापांनी नंतर आमच्याकडे चुलतभाऊ आणि मेहुणे पाठवले.

रविवारी आणि सुट्टीत शाळा दाखवू नका. रिकामी शाळा म्हणजे न मांडलेलं मंगल कार्यालय. चालू शनिवार निवडा, पालकांना दुपारी यायला सांगा, रात्रीचं जेवण मुलांच्या पंगतीत द्या. त्या दिवशी मुद्दाम पनीर करू नका. मुलं लगेच ओरडतात, "आज कोण आलंय?" आणि सगळं उघडं पडतं. जे रोज असतं ते वाढा, फक्त गरम असू द्या. शाळा दाखवायला शिक्षक नकोत, नववीतली दोन मुलं द्या आणि तुम्ही मागे राहा. बाप मैदान आणि संगणक बघतो. आई बघते संडास-बाथरूम, आणि येता-जाता मुलांच्या टाचा आणि नखं. मी हे इतक्यांदा पाहिलंय की शेवटी फेरीची सुरुवातच बाथरूमपासून ठेवली. तिथे गळका नळ असेल तर सांगायचं, नळ गळतोय, मंगळवारी प्लंबर येणार आहे. एका बाईंनी मंगळवारी फोन करून विचारलं, आला का प्लंबर. आला होता. जूनमध्ये त्यांची मुलगी आली.

आजी-आजोबांना मुद्दाम बोलवा. निवासी शाळेचा निर्णय आई-बाप घेतात असं आपण समजतो, पण तो मोडण्याचं काम घरातली म्हातारी माणसं करतात, आणि त्यांचं चूक नसतं; त्यांनी शाळा पाहिलेलीच नसते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून प्रवास फुकट. म्हणजे आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे असतील तर आई, आजी, आजोबा असे तिघे मिळून एका तिकिटात येतात. हे वाक्य फोनवर सांगा. सवलतीसाठी अर्ज करणार असतील तर येण्या-जाण्याचं भाडं शाळेने द्यावं, प्रवेश घेवोत न घेवोत, निघताना तिथल्या तिथे. "प्रवेश घेतल्यास फीत वळतं करू" ही अट घातली की ते भाडं राहत नाही, आमिष होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि सुरुवातीला म्हणालो ते 'एकच प्रश्न' प्रकरण. निवासी शाळेत मूल गळतं ते बहुधा दिवाळीत. सुट्टीला घरी जातं आणि परत येत नाही. 'मन लागत नाही', 'आजी आजारी आहे', 'फीचं जमत नाही', काहीही कारण येतं. वर्षाच्या मध्यात तो बेड भरत नाही. माझ्या शेवटच्या शाळेत मी एकदा अशा मुलांच्या फायली काढून बसलो. जवळपास प्रत्येक फाइलमध्ये एक गोष्ट सारखी होती: जून ते दिवाळी घरचं कोणी एकदाही भेटायला आलेलं नव्हतं. फी भरलेली होती. बापाची ऐपत फी भरण्यात संपली होती आणि भेटीला पैसे उरले नव्हते. मुलाला दिसतं ते एवढंच की आपल्याला इथे सोडलं आणि कोणी आलं नाही. म्हणून म्हणतो, भेटीच्या खर्चासकट जी परवडते तीच फी परवडणारी. दिवाळीला एक मूल गळलं की तुमचे नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे हप्ते बुडतात, लाख-दोन लाख. त्यापुढे वर्षाला दोन खेपांचं भाडं म्हणजे काहीच नाही. सवलत देताना वीस हजार कमी द्या, पण त्यातले पाच भेटीसाठी राखून ठेवा.

आमची चूक सांगतो. भेटीचा दिवस होता महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी १० ते १. ही वेळ कोणी ठरवली? मी. मेसला सोयीची होती. पुण्याच्या पालकाला ती बरी; सकाळी निघाला, घाट चढला, बाराला पोरगा घेऊन पॉइंटवर. वाशीमच्या पालकाला तीन तासांसाठी दोन रात्री गाडीत काढायच्या. एक मुलगा होता, सहावीतला. दर भेटीच्या रविवारी तो फाटकापाशी उभा राहायचा आणि इतरांच्या पालकांच्या पिशव्या उचलून डॉर्मपर्यंत, म्हणजे मुलांच्या झोपायच्या खोलीपर्यंत, न्यायचा. मला वाटायचं, काय कामसू पोरगा आहे. मेट्रनबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, तो पिशव्या उचलत नाही. पिशवीत काय आहे याचा वास घेतो."

पुढच्या महिन्यात वेळ बदलली. लांबून येणाऱ्यांना शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, पाहुण्यांच्या दोन खोल्या फुकट, जेवण मेसमध्ये. तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच छापून दिल्या, म्हणजे रेल्वेचं आरक्षण वेळेवर करता येतं. पहिली भेट जुलैत. 'पहिले दोन महिने येऊ नका, मूल हळवं होतं' हा जुना सल्ला मीही वर्षानुवर्षं दिला. मूल हळवं होतं हे खरं. रडतं, रात्री जेवत नाही. सोमवारी मैदानावर असतं. न आलेल्या घराचं मूल रडत नाही, ते गप्प होतं, आणि गप्प मूल आपल्याला शहाणं वाटतं.

येणं ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी शाळेने जावं. वीस मुलं एका भागातली असतील तर वीस घरांनी घाट चढण्यापेक्षा दोन शिक्षकांनी त्यांच्या गावी जाणं स्वस्त. आम्ही वर्षातून एकदा जालन्याला एका पालकांच्या दुकानावरच्या खोलीत बसायचो. प्रत्येक मुलाची वही, मुलाने हाताने लिहिलेलं पत्र आणि मोबाइलवर त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन. दिवाळी संपली की मुलं आणायला शाळेची बस रिकामी जायची. तीच एक दिवस आधी सोडली आणि येताना मुलांसोबत जागा असतील तेवढ्या घरच्यांना आणलं. डिझेल तेवढंच. ज्यांना एसटी किंवा रेल्वेने जायचं असतं त्यांना शाळेच्या दाखल्यावर गावी जायच्या प्रवासात विद्यार्थी सवलत मिळते. तो दाखला कारकुनाने मागितल्याशिवाय द्यावा, सुट्टीच्या महिनाभर आधी, सगळ्यांना. आमच्याकडे तो मागणाऱ्यालाच मिळायचा, आणि मागायचं असतं हे फक्त जुन्या पालकांना माहीत होतं.

सुरक्षेचं थोडक्यात: भेटायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो पालकांकडून लेखी घ्या, ओळखपत्र बघितल्याशिवाय मामालाही सोडू नका, आणि मुलं डॉर्ममध्ये असताना पाहुणा वर नको. भेट उघड्यावर, झाडाखाली, व्हरांड्यात. फोनसाठी आठवड्याचा वार आणि वेळ ठरवून द्या, पण व्हिडिओ कॉल आहे म्हणून भेट कमी करू नका.

घरच्या डब्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आधीच्या एका शाळेत घरचं खाणं फाटकावर काढून घ्यायचे, मुंग्या होतात म्हणून. मुंग्या होतात हे खरंच. आम्ही नियम उलटा केला: आणा, पण डॉर्मला पुरेल एवढं, आणि त्याच रात्री संपवायचं. जमत नसेल त्यांनी काही आणू नये, मेसमधून चिवडा मिळेल, तो त्यांच्या मुलाने वाटावा. नांदेडकडच्या एका आजी फडक्यात बांधून वीस ज्वारीच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी घेऊन आल्या. पिझ्झा मागणाऱ्या मुंबईच्या पोरांनी चटणीची बरणी बोटाने पुसून खाल्ली आणि त्यांच्या नातवाचा भाव वर्षभर चढा राहिला. तो पिशव्या उचलणारा मुलगा त्याच डॉर्ममध्ये होता. त्याची आई पुढच्या भेटीला आली, भाडं शाळेने दिलं. दहावी आमच्याकडेच झाला.

आता फेब्रुवारी आहे, म्हणजे या वर्षीसाठी तुमच्या हातात तीन-साडेतीन महिने आहेत. सवलतीच्या जागांचा आकडा आणि भेटीच्या तारखा या महिन्याच्या बैठकीत पक्क्या करा, खर्चाचा कागद मार्चच्या पहिल्या आठवड्यात छापा. आणि पाहुण्यांच्या खोलीतला गिझर चालतो का ते स्वतः जाऊन बघा. आमचा दोन वर्षं बंद होता आणि कार्यालयात कोणालाच माहीत नव्हतं.